बोटभर धार

बाजारात तिला सगळे ठिणगी म्हणत. दिवसभर तिच्या चाकातून ठिणग्या उडत हे एक कारण, आणि तिच्या तोंडातूनही उडत हे दुसरं. बोथट कात्री घेऊन येणाऱ्या शिंप्याला ती विचारायची, "काय हो, ह्यानं कापड कापता की पत्रा?" सुरीनं डबे उघडणाऱ्या बायकांना तर ती दारातूनच फिरवून लावायची. लोक निमूट ऐकून घेत आणि पुन्हा तिच्याकडेच येत. धारेच्या बाबतीत तिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. हे पातं संपलं असं ती म्हणाली की मालक ते भंगारात टाकायचा, दुसऱ्या कुणाला विचारायच्या भानगडीत पडायचा नाही.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली, रस्त्याच्या बाजूनं सताड उघडी. मधोमध दगडी चाक, खाली ते फिरवायचा पायटा, वर तारेनं टांगलेला पाण्याचा डबा आणि त्याच्या बुडाच्या भोकातून चाकावर ठिबकणारं पाणी. मोटर बसवून घे म्हणून कितीतरी जणांनी सांगून पाहिलं. "मोटरला कुठं थांबायचं ते कळतं का?" एवढं विचारून ती त्यांना वाटेला लावायची. मागच्या खोलीत स्वयंपाक, दोन पलंग आणि धाकटी.

धाकटी म्हणजे तिची बहीण. आई धाकटीच्या वेळच्या बाळंतपणातच गेली, पुढे बापही गेला, आणि धाकटीचं न्हाऊमाखू, शाळा, आजारपणं करता करता ठिणगीच्या लग्नाचं कुणाला सुचलंच नाही. चाळिशी कधी उलटली हे तिचं तिलाही कळलं नाही. धाकटी गोलमटोल, खाण्याची शौकीन, कपड्यांच्या कारखान्यात काज-बटणं करणारी. ताईच्या नाकावरच्या रागाला ती काडीची भीक घालत नसे. दोघींचे चेहरे मात्र असे सारखे, की नवं गिऱ्हाईक धाकटीलाच "झाली का माझी सुरी?" म्हणून विचारायचं.

बापानं जाताना पैसाअडका ठेवला नाही, पण एक रीत ठेवली. धार लावून झाली की पात्याला पहिला घास लाकडाचा द्यायचा. चाकाशेजारी एक सुका ठोकळा असे, त्यावर पातं एकदा ओढायचं आणि मगच मालकाच्या हाती सोपवायचं. बाप म्हणायचा, "नवी धार म्हणजे तान्हं पोर. तोंडाला पहिलं जे लागेल त्याचीच तिला ओढ लागते, आणि ज्याच्या हातात ती जाते त्यालाही लागते. लाकूड दे. लाकडाचा कुणाला लळा लागत नाही." चुकून पहिल्याच घासाला बोट कापलं, तर ते पातं उभंच्या उभं चाकाला लावायचं आणि टोकापासून मुठीपर्यंत सगळी धार मोडून टाकायची. मग मालक कितीही आरडाओरडा करो.

ही काही नुसती भीती घालायची गोष्ट नव्हती. ठिणगी लहान असताना न्हाव्याची बायको वस्तरा न्यायला आली आणि धार बघायला म्हणून तिनं घाईघाईत बोट लावलं. घरी गेल्यावर न्हावी, जो तिच्याशी धड बोलत नसे, तो तिच्यामागे मागे फिरायला लागला. तिचे केस विंचरून देई, तिच्या ताटात स्वतःच्या हातानं वाढी. सगळी गल्ली हसायची. मग एका सकाळी केस विंचरता विंचरता त्यानं तिचा कान मुळापासून उतरवला आणि गालाकडे वळला. शेजाऱ्यांनी ओढून काढलं म्हणून बाई वाचली. बापानं वस्तरा चाकाला लावला, पायटा ठिणगीनं मारला, आणि धार मेली त्याबरोबर न्हाव्याची ओढही मेली. पुन्हा तो बायकोशी धड बोलला नाही.

माणसाला गोष्टीतला हवा तेवढाच भाग लक्षात राहतो. ठिणगीला केस विंचरणं लक्षात राहिलं.

तर आता खाटकाकडे येऊ. बाजाराच्या कोपऱ्यावर त्याचं दुकान. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. गडी अंगानं आडवा, पण बोलायला इतका हळू की दोनदा विचारावं लागे. बाजार बंद असायचा त्या दिवशी तो आपली हत्यारं फडक्यात गुंडाळून ठिणगीकडे आणायचा आणि एकेक करून मुठीकडून पुढे करायचा. "बघा बाई जरा," एवढंच म्हणायचा आणि बाकावर बसून राहायचा. आता हे तुम्हाला काही विशेष वाटणार नाही. पण सगळा बाजार ज्या बाईच्या अंगावर सुऱ्या टोकाकडून फेकतो, तिला ते मूठ पुढे करणं काय वाटलं असेल याचा विचार करा. ठिणगी त्या माणसावर पुरती भाळली. त्याच्यावर ती कधी डाफरली नाही, यातच सगळं आलं.

"ताई, खाटीक आला की तुझं चाक इतकं सावकाश का फिरतं गं?" धाकटी विचारायची.

"काम नीट करायला नको?"

"मग शिंप्याच्या कात्र्यांनी काय पाप केलंय?"

ठिणगी तिच्यावर ओलं फडकं फेकायची. पण आतून तिला बरं वाटायचं, हे धाकटीलाही ठाऊक होतं.

असं आणखी किती वर्षं चाललं असतं कोण जाणे. पण एके दिवशी अंडेवाली स्वतःची सुरी घेऊन आली आणि बसल्या बसल्या बातमी देऊन गेली. खाटकाच्या वहिनीनं त्याच्यासाठी एक स्थळ आणलं होतं. बाई चांगली होती, स्वतःचं घर होतं. "उरकून टाकतील लवकरच," अंडेवाली म्हणाली. "एकट्यानं किती दिवस काढायचे माणसानं?"

त्या दिवशी ठिणगीनं कुणालाच चार शब्द ऐकवले नाहीत. पुढच्या सुट्टीला खाटीक आला, हत्यारं ठेवली, आणि पहिल्यांदाच बसला नाही. काम आहे म्हणाला, तासाभरानं येतो. ती समजायचं ते समजली. तिनं त्याची लांब सुरी उचलली, जी दिवसभर त्याच्या हातात असे, आणि जन्मात लावली नव्हती अशी धार तिला लावली. मग ठोकळा पायानं बाजूला सारला. बापाचे शब्द तिला आठवले नाहीत असं नाही. पण तिनं मनाशी म्हटलं, मी काय न्हाव्याची बायको आहे? मला धार कळते. हाताबाहेर जायला लागली तर दोन मिनिटांत मोडता येईल. चाक माझंच आहे की.

तिनं अंगठा धारेवरून ओढला. रक्त लगेच आलं नाही, इतकं पातं तेज होतं. आलं तेव्हा ते पात्यावरून खाली ओघळलं नाही, जागच्या जागी जिरलं. "ह्याच्या हाताला माझी ओढ लागू दे," ती पुटपुटली.

तासाभरानं खाटीक आला. त्यानं सुरी हातात घेतली आणि जायला वळला. दारात थांबला. मग परत येऊन बाकावर बसला आणि दिवेलागणीपर्यंत उठलाच नाही.

ते स्थळ त्यानं दुसऱ्याच दिवशी मोडलं. वहिनी चरफडली, अंडेवालीनं तोंडात बोट घातलं. खाटीक रोज दुकान लवकर बंद करून ठिणगीकडे येऊ लागला. तिला ठिणगे म्हणू लागला, अगंतुगं करू लागला. तिच्यासाठी पाणी भरून ठेवी, चाकाचा डबा धुऊन देई, ती काम करत असताना तिच्याकडे बघत बसे. ठिणगीनं आरशात बघायला सुरुवात केली. धाकटी त्याला भावोजी म्हणायला लागली आणि लग्न कधी काढता म्हणून भंडावून सोडायला लागली. ते थोडे दिवस त्या घरात नुसतं हसू होतं, हे सांगितलंच पाहिजे, कारण पुढे सांगण्यासारखं चांगलं काही नाही.

एकच गोष्ट होती. लांब सुरी तो दुकानात ठेवून येत नसे. कमरेला असायची. कांदा चिरायचा, दोरी कापायची, की ती बाहेर निघायची, आणि प्रत्येक वेळी ठिणगीला कुठेतरी लागायची. कधी बोटाला, कधी मनगटाला. तो कळवळायचा, स्वतःच्या तोंडात मारून घ्यायचा, फडकं बांधून द्यायचा. ठिणगीला त्या ओरखड्यांची, खरं सांगायचं तर, लाज नव्हती. ती बाह्या दुमडून बाजारात फिरायची. मग एका दुपारी तो तिचा हात हातात घेऊन बसला होता, आणि बोलता बोलता त्यानं तिचा दंड कोपरापर्यंत सोलला. शांतपणे, कातडं सोडवतात तसा. तिच्या किंकाळीनं तो भानावर आला आणि रडायला लागला.

"हात माझं ऐकत नाही गं," तो म्हणाला.

"सुरी दुकानातच ठेवून येत जा," ती म्हणाली. दंड शिवून घेताना तिनं डॉक्टरला सांगितलं की चाकावरून पातं निसटलं.

आता तिच्या जागी दुसरी कुणीही असती तर त्याच दिवशी धार मोडून मोकळी झाली असती. ठिणगीनं मोडली नाही. आज मोडू, उद्या मोडू करत राहिली. उद्या तो तिच्याकडे अनोळखी डोळ्यांनी बघेल, हा विचार आला की ती दुसऱ्याच कुणाची कात्री चाकाला लावायची.

सुरी दुकानात राहिली, ती उपाशी. चौथ्या-पाचव्या दिवशी ठिणगी भर दुपारी त्याच्या दुकानाशी गेली तर बाहेर गर्दी, पण पायरीवर कुणी चढत नव्हतं. आत खाटीक ठोकळ्यावर घाव घालत होता. समोरच्या बोकडाचं मांस कधीच संपलं होतं, हाडांचा भुगा झाला होता, तरी सुरी वर जात होती आणि खाली येत होती. भिंती, छत, तराजू, सगळं लाल. हवं ते मिळत नाही म्हणून पातं जे मिळेल ते चिरत सुटलं होतं. माल वाहणारा हमाल, ज्याला सगळे पहिलवान म्हणत, तो मागून गेला आणि त्यानं खाटकाचं मनगट पकडलं. पहिलवानाची ताकद मोठी, पण सुरी त्याच्या पकडीतच उलटी फिरली. त्याची बोटं ठोकळ्यावर पडली तेव्हा त्याला कळलंही नाही, तो रिकाम्या पंजानं अजून धरायला बघत होता. मग तो ओरडला.

आणि त्या ओरडण्यात खाटकाची नजर गर्दीतल्या ठिणगीवर गेली. सुरी थांबली. टोक तिच्याकडे वळलं. खाटकानं डाव्या हातानं आपलंच उजवं मनगट धरलं, दातओठ खात ते ठोकळ्यावर दाबलं आणि ओरडला, "जा! घरी जा!"

ती पळत सुटली. तिचं डोकं इतकं बधिर झालं होतं की तो दुसऱ्या गल्लीनं निघालाय हे तिला कळलंच नाही. ती घरी पोचली तेव्हा धाकटी दुकानाच्या पायरीवर पालथी पडली होती, पाठ खांद्यापासून कमरेपर्यंत उघडी, आणि खाटीक चार पावलांवर भिंतीला टेकून सुरीचा हात दुसऱ्या हातानं दाबून धरत होता. त्याला कुठं पाय नेतायत ते कळत नव्हतं. पायरीवर पाठमोरी बसलेली धाकटी दिसली, आणि हात चालला.

घाव वरवरचा निघाला म्हणून धाकटी वाचली. पण ठिणगीला त्या पायरीवर एक गोष्ट लख्ख कळली. पात्याला तिचा चेहरा ठाऊक नव्हता. त्याला फक्त चव ठाऊक होती. आणि एकाच आईबापाच्या दोन पोरींच्या रक्ताची चव वेगळी कुठून असणार?

"ताई, हा माणूस मला मारणार होता," पलंगावर पालथं पडल्या पडल्या धाकटी म्हणाली. तिच्या आवाजात पहिल्यांदाच चेष्टा नव्हती. "तुझी शपथ, मला त्याची भीती वाटते."

"मी बघते," ठिणगी म्हणाली. त्या घरात ताई बघते म्हणाली की प्रश्न मिटत असे. धाकटी डोळे मिटून झोपली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच खाटीक आला. उजवा हात सुरीसकट गोणपाटात गुंडाळलेला, वरून दोरीनं करकचून आवळलेला. रात्रभर त्यानं मूठ सोडवायचा प्रयत्न केला होता आणि बोटं उघडत नव्हती. चेहरा मेल्यासारखा पांढरा. त्यानं तिच्यासमोर गुडघे टेकले.

"मोड हिची धार," तो म्हणाला. "हात तोडावा लागला तर तोड. पण त्या पोरीला पुन्हा माझ्या हातून लागलं तर मी जगायचा नाही."

"धार मोडली, तर मी तुम्हाला आवडेन ना?"

"हे काय विचारतेस? त्याचा नि ह्याचा काय संबंध?"

संबंध तिला ठाऊक होता. तिनं गोणपाट सोडलं, त्याचा हात दोन्ही हातांनी घट्ट धरून चाकाशी आणला आणि पायट्यावर पाय ठेवला. टोकापासून सुरुवात केली. पातं चाकावर किंचाळलं, आणि ठिणगीनं खाटकाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. पाहायला नको होतं. जसजशी धार जात होती तसतशी त्याची नजर तिच्यावरून सुटत होती. चतुर्थांश गेली तेव्हा तो सावरून बसला. निम्मी गेली तेव्हा त्यानं मोकळा श्वास घेतला आणि रस्त्याकडे पाहिलं. मुठीजवळ फक्त बोटभर धार उरली तेव्हा तो जांभई दाबत म्हणाला, "अजून किती वेळ लागेल?"

तिनं पाय थांबवला.

त्यानं वळून तिच्याकडे बघितलं. बोटभर धारेइतकी ओढ त्याच्या डोळ्यांत शिल्लक होती. वेडी नव्हे, शहाण्या संसारी माणसाची असावी तेवढी. ठिणगीला वाटलं, हेच तर बरोबर माप आहे. मुठीजवळच्या बोटभर धारेनं कुणी कापतं का कधी? सुरीचा तो भाग कामातच येत नाही. कुठं थांबायचं हे कळतं याचा तिला सगळ्या जन्मात गर्व होता, आणि ती तिथं थांबली.

"झाली?" त्यानं विचारलं.

"झाली. सगळी मोडली." त्याच्या हातानंच तिनं सुरीचं टोक आपल्या मनगटावरून घासून दाखवलं. ओरखडाही उठला नाही. त्याची बोटं आपोआप सैल झाली. तो तिच्या चाकाला डोकं टेकवून लहान मुलासारखा रडला, आणि ती त्याच्या केसांतून हात फिरवत राहिली.

धारेबद्दल ती कधी खोटं बोलली नव्हती. म्हणून खाटकानं विश्वास ठेवला, आणि म्हणूनच धाकटीनंही ठेवला. दोष पात्याचा होता आणि ते आता मोडलं, असं तिनं सांगितल्यावर बाजारानंही खाटकाला हात लावला नाही. तिची पाठ भरून आली. खाटीक रोज येऊन दारातूनच तिची विचारपूस करायचा, तिच्यासाठी फळं ठेवून जायचा, पण आत पाऊल टाकत नसे. शेवटी धाकटीच विरघळली.

"बोलाव त्यांना जेवायला," ती म्हणाली. "असे किती दिवस दारात उभे राहणार आहेत? धार मोडलीय ना तू?"

"मोडलीय," ठिणगी म्हणाली. दुसऱ्यांदा ते सोपं गेलं.

सुट्टीच्या दिवशी दुपारी तो नवा सदरा घालून आला. सुरी कमरेला होतीच. बोथट पात्याचं आता काय भय, म्हणून तोही सवयीनं बाळगायचा, आणि ठिणगीनंही ती काढून घेतली नाही, कारण हातातून सुरी गेली तर उरलेली ओढही जाईल अशी तिला धास्ती होती. रस्सा उकळत होता. धाकटी भाजीचा भोपळा घेऊन टेबलाशी बसली होती आणि तिच्या तोंडाचा पट्टा पुन्हा पहिल्यासारखा सुरू झाला होता.

"काढा बघू भावोजी, ताईची ती सवत," ती म्हणाली. "ह्या भोपळ्याला घाबरवून दाखवा."

खाटीक लाजून हसला. त्यानं सुरी काढून भोपळ्यावर ठेवली, दाबली. सालीवर वळसुद्धा उठला नाही. धाकटी खदखदून हसली. "अहो, जोर लावा. जेवला नाहीत का सकाळी?" तिनं भोपळा दोन्ही हातांनी घट्ट धरला. ठिणगी चुलीपाशी पाठमोरी होती, तीही हसत होती. खाटकानं अंगाचा भार टाकला, सुरी सालीवरून घसरली, आणि मुठीजवळचा भाग धाकटीच्या अंगठ्यावर आला.

हसणं थांबलं म्हणून ठिणगी वळली.

धार बोटभर होती, त्यामुळे लांबून घाव घालता येत नव्हता. खाटकाला जवळ जावं लागलं. त्यानं डाव्या हातानं धाकटीला कमरेतून उचलून छातीशी धरलं, गालाला गाल लावला, आणि मूठ तिच्या मानेशी नेऊन करवतीसारखी मागेपुढे ओढायला सुरुवात केली. एका घावात झालं असतं ते चाळीस घावांनी होत होतं. धाकटी ताई म्हणाली, मग नुसता आवाज आला, मग तोही नाही. ठिणगीनं उकळता रस्सा त्याच्या पाठीवर ओतला. तव्यानं त्याच्या डोक्यात, खांद्यावर, मनगटावर तडाखे घातले. हाड मोडल्याचं तिनं ऐकलं. मोडलेलं मनगटही थांबलं नाही. त्याच्या तोंडावर रागाची रेषाही नव्हती. तो ठिणगीकडे जसं बघायचा तसंच धाकटीकडे बघत होता.

धाकटीत काही उरलं नाही तेव्हा त्यानं तिला हळूच खाली ठेवलं आणि वर पाहिलं. "ठिणगे," तो प्रेमानं म्हणाला आणि हात पसरले.

"ये," ठिणगी म्हणाली. "इकडे ये." त्याला 'तुम्ही' म्हणायचं आज पहिल्यांदाच तिला सुचलं नाही. पाठीमागे न बघता ती उंबरा ओलांडून पुढच्या खोलीत गेली आणि चाकाला पाठ टेकली. तो मिठीत घ्यायला जवळ आला, मूठ तिच्या गळ्याशी आली, कातडीत शिरली. त्या क्षणी तिनं दोन्ही हातांनी ते मोडकं मनगट धरून चाकावर दाबलं आणि सगळा जीव पायात आणून पायटा मारला. बोटभर धार एरवी क्षणाचं काम. पण तो अंगावर लोंबकळत होता, चावत होता, आणि पात्याबरोबर त्याच्या बोटांची पेरंही दगडाखाली येत होती. पाण्याऐवजी रक्त उडालं, ठिणग्या विझल्या, तरी ती थांबली नाही. आधी कातडं गेलं, मग हाड. आणि शेवटी धार गेली.

तो ढिला पडला. मागे सरकला. आपल्या हाताकडे त्यानं पाहिलं, मग मागच्या खोलीत दिसणाऱ्या पायांकडे.

"बाई," तो म्हणाला, "त्या पोरीला काय झालं? कुणी बोलवा हो कुणाला तरी."

आवाज ऐकून लोक धावत आलेच होते. शिंपी, अंडेवाली, फडकं बांधलेल्या पंजाचा पहिलवान, आणि मागून अर्धा बाजार. त्यांनी आतलं दृश्य पाहिलं आणि खाटकाला रस्त्यावर खेचून लाथा घालायला सुरुवात केली. शिंप्यानं सुरी उचलून धारेवरून अंगठा फिरवला. टोकापासून मुठीपर्यंत फिरवला. "अरे, हिला तर धारच नाही," तो म्हणाला. "बोथट सुरीनं मारलं रे ह्यानं पोरीला. घासून घासून मारलं." ते ऐकल्यावर जे मागे उभे होते तेही पुढे आले.

"बाई, तुम्ही सांगा ह्यांना," खाटीक पायांच्या गर्दीतून ओरडला. "तुम्ही धार मोडली होतीत ना? तुम्ही सांगितलं होतंत."

ठिणगी रांगत पायरीपर्यंत आली. गळ्यातून रक्त वाहत होतं, तरी आवाज फुटला. "नव्हती मोडली," ती म्हणाली. "मी बोटभर ठेवली होती. त्याचा काही दोष नाही. मी केलं हे. सोडा त्याला."

कुणी ऐकलं नाही. बिचारीचं डोकं फिरलं, असं अंडेवाली म्हणाली. पण खाटकानं ऐकलं. धारेबद्दल ती बोलली होती, आणि त्यानं लगेच विश्वास ठेवला. तो मार चुकवायचा थांबला.

"का, बाई?"

"तुम्ही माझ्याकडे यावं म्हणून."

तोंडातलं रक्त त्यानं बाजूला थुंकलं. "मग एकदा विचारायचं होतंत मला," तो म्हणाला. एरवी दोनदा विचारावं लागेल इतक्या हळू म्हणाला, पण तिला पुन्हा विचारावं लागलं नाही.

पहिलवानानं धड असलेल्या हातानं ठिणगीच्या चाकाशेजारचा ठोकळा उचलून आणला. ठिणगी मध्ये पडायला उठली, तेवढ्यात अंडेवालीनं तिला मागून कवटाळलं, तिचं तोंड आपल्या छातीत दाबून धरलं, आणि बघू नको, बघू नको, असं म्हणत राहिली.